समर्थांच्या कामाचं गाव

पाटणच्या एसटी स्टँडवर उतरलेला परका माणूस बहुतेक करून कोयनेला निघालेला असतो. धरण बघायचं, नाहीतर कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं. चाफळला जायचंय म्हटल्यावर चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं मला उलट दिशेला हात केला. "उंब्रजवरनं जावा. तिथनं गाड्या हायत." म्हणजे आधी कऱ्हाड, तिथून हायवेनं उंब्रज आणि उंब्रजहून पुन्हा पश्चिमेला वळून दहा-अकरा किलोमीटर डोंगरात. चाफळ पाटण तालुक्यातलंच गाव, पण तालुक्याच्या ठिकाणाहून तिथं जायची सोयीची वाट अशी तालुक्याबाहेरून फिरून जाते.

दुसरी वाट डोंगरावरून आहे. सडावाघापूरचं पठार ओलांडायचं आणि दाढोलीकडून खाली चाफळात उतरायचं. पाटणातल्या एका ओळखीच्या गुरुजींनी मोटारसायकल काढली आणि म्हणाले, "स्वामींच्या गावाला जायचं तर स्वामींच्या वाटेनं जाऊ." स्वामी नेमके याच वाटेनं जात असत याला काही पुरावा नाही, पण वर गेल्यावर गुरुजींचं म्हणणं पटायला लागलं.

पावसाळ्यात या पठारावर पाय ठेवायला जागा नसते. दरीतून चढणारा वारा धबधब्याचं पाणी वर उडवतो, आणि तो उलटा धबधबा बघायला पुण्या-कोल्हापूरच्या गाड्यांची रांग लागते. आम्ही गेलो ते संक्रांतीनंतर. गवत पिवळं पडलेलं, कातळाचा सडा उघडा, पवनचक्क्यांची पाती संथ फिरत होती आणि गुराख्यांखेरीज माणूस दिसत नव्हता. एका बाजूला कोयनेचं खोरं पसरलं होतं. दुसऱ्या बाजूला, डोंगराच्या सोंडांमध्ये दडलेलं एक लहानसं खोरं दिसत होतं. तेच मांड नदीचं चाफळ खोरं. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि तोंड तेवढं पूर्वेला, कृष्णाकाठाकडे उघडं. त्या तोंडाशी उंब्रज. म्हणजे सातारा-कऱ्हाडची वाहती वाट जवळ, पण त्या वाटेवरून जाणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसणार नाही. सतराव्या शतकात हा मुलूख आदिलशाहीत होता. देऊळ बांधायचं, उत्सव मांडायचा, माणसं गोळा करायची, आणि तेही फौजांच्या नजरेत न भरता, तर अशी जागा शोधूनच काढावी लागते.

शोधणारा माणूस हिंडून आलेला होता. नारायण सूर्याजीपंत ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, जन्म शके 1530 म्हणजे 1608 च्या रामनवमीचा, गाव आजच्या जालना जिल्ह्यातलं जांब. लग्नाच्या बोहल्यावरून पळालेल्या मुलाची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. पुढची बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर, जप आणि अभ्यास. त्यापुढची बारा वर्षं देशभर पायी. 1644 च्या सुमाराला ते महाबळेश्वर, वाई, माहुली करत कृष्णेच्या खोऱ्यात उतरले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्या काळात छत्तिशी म्हणजे माणूस संसारात पुरता मुरलेला असायचा. हा माणूस तेव्हा कुठं कामाला लागत होता.

घाट उतरून गावात शिरलो. राममंदिर गावाच्या वर, पायऱ्या चढून. पहिल्या भेटीत जरा विरस होतो हे कबूल करायला हवं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची काळवंडलेली दगडी भिंत मनात धरून यावं, तर समोर ऐसपैस, घोटीव, नव्या काळाचं देऊळ. त्याचं कारण कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि पाटण तालुक्यातली घरंच्या घरं बसली. चाफळच्या देवळालाही त्याचा जबर तडाखा बसला. पुढे सत्तरच्या दशकात उद्योगपती अरविंद मफतलाल यांच्या पुढाकारानं ते नव्यानं उभं राहिलं. आज आपण बघतो ते हे मंदिर. मूळ मंदिर समर्थांनी 1648 मध्ये उभं केलं. आतली राममूर्ती कृष्णेच्या पात्रात, अंगापूरच्या डोहात समर्थांना सापडली, असं संप्रदायात परंपरेनं सांगतात.

जुनं पाहायचं तर रामाकडे पाठ करून दारासमोर बघावं. तिथं दासमारुती आहे. हात जोडून, रामाकडे नजर लावून उभा. पुरुषभर उंचीची मूर्ती, शेंदरानं अवयवांच्या कडा बुजलेल्या, पण जोडलेल्या हातांचा आणि किंचित झुकलेल्या मानेचा नम्रपणा शेंदरातूनही कळतो. मग देवळाच्या मागे जावं. तिथं प्रतापमारुती. याची शेपटी डोक्यापर्यंत गेलेली, पायाखाली राक्षस चिरडलेला, चेहरा उग्र. एकाच गावात, एकाच देवळाच्या पुढं-मागं, एकाच वर्षी एकाच माणसानं स्थापन केलेले हे दोन मारुती. पुढच्या दारी सेवक आणि मागच्या दारी योद्धा. समर्थांना आपल्या माणसांत काय काय हवं होतं, ते या दोन मूर्तींत मिळून सगळं आलं.

मागच्या मारुतीच्या छोट्या देवळाशी एक म्हातारबाबा ऊन खात बसले होते. "लांबनं आलाय जणू?" त्यांनी विचारलं. म्हटलं, पुण्याहून. समर्थांची खोली, बसायची जागा कुठं आहे, असं मी विचारलं.

"आवं, स्वामी हितं ऱ्हायले कुठं? देऊळ बांधलं आन् गेले घळीत."

"कुठल्या घळीत?"

बाबांनी हात उचलून डोंगराची एक बाजू दाखवली, मग दुसरी, मग पाठीमागची. "समद्याच त्येंच्या."

बाबांच्या बोलण्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. चाफळच्या वरची रामघळ, जवळच्या शिंगणवाडीची टेकडी, वसंतगडासमोरचा चंद्रगिरी, कोयनेकडची हेळवाकची घळ, सज्जनगडाच्या बाजूची मोरघळ, दासबोधाच्या लेखनाची परंपरा जिच्याशी जोडलेली आहे ती महाडकडची शिवथरघळ, ही सगळी त्यांची राहायची ठिकाणं. आपल्या मनातलं आश्रमाचं चित्र असं असतं की, मधोमध गुरूची कुटी, भोवती शिष्यांच्या खोल्या आणि सकाळ-संध्याकाळ दर्शन. चाफळात गुरूच बहुतेक वेळ जागेवर नसत. मग मठ चालवायचं कोण?

तर दिवाकर गोसावी. चाफळचा कारभार, हिशेब, उत्सवाची जमवाजमव, पत्रव्यवहार, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्याबरोबर अक्का. कऱ्हाडकडची ही विधवा बाई मठात आली आणि पुढं चाफळ आणि सज्जनगड या दोन्ही ठिकाणी तिनं जो कारभार केला, त्याला तोड नाही. समर्थांमागं कित्येक वर्षं ती गडावर होती, आणि 1700 मध्ये सज्जनगड औरंगजेबाच्या हाती गेला तो काळही तिनं निभावला. तिसरी वेणाबाई. मिरजेचा मठ समर्थांनी तिच्या हवाली केला. विधवेनं उभं राहून कीर्तन करायचं, मठाची गादी सांभाळायची, वर सीतास्वयंवरासारखं काव्य लिहायचं, हे सतराव्या शतकात. अक्का आणि वेणा दोघींच्याही समाध्या सज्जनगडावर आहेत. गडावर येणारे लोक समर्थांच्या समाधीपाशी लांबच लांब रांग लावतात आणि या दोघींच्या वृंदावनांवरून हात फिरवून पुढं जातात. मठ चालला तो यांच्या हातांनी.

या सगळ्याला पैसा कुठून येई? झोळीतून. भिक्षा हा समर्थांच्या मठाचा कणा. तिला लाचारीचा स्पर्श नव्हता, कारण त्यांनी तिचं एक शास्त्रच करून टाकलं होतं. दासबोधात चौदाव्या दशकातला दुसरा समास भिक्षेवरच आहे. मूठभर धान्याच्या निमित्तानं शिष्य गावोगाव, घरोघर जायचा. कुठल्या घरात काय चाललंय, कुठं दुष्काळ आहे, कुठला पाटील कसा आहे, कुठला पोरगा हुशार आहे, हे सगळं त्याला उंबऱ्यावर उभं राहूनच कळायचं. धान्य मठात यायचं आणि त्याबरोबर गावही मठात यायचं. आजही सज्जनगडाहून समर्थांच्या पादुका दरवर्षी दौऱ्यावर निघतात आणि गावोगाव झोळी फिरते.

याच दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लिहावं कसं यावर आहे. अक्षर कसं काढावं, समास किती सोडावा, शाई, लेखणी, कागद कसे ठेवावेत. मोक्षाच्या ग्रंथात हे कशाला, असं वाटतं खरं. पण ज्याला शेकडो कोसांवरच्या मठांना एकच पोथी जशीच्या तशी पोचवायची आहे, त्याला शिष्याचं अक्षर वाचता येण्याजोगं असणं मोक्षाइतकंच गरजेचं आहे. ते करून घ्यायला त्यांच्याकडे कल्याणासारखा लेखक शिष्य होता. आणि त्यालाही त्यांनी जवळ ठेवून घेतलं नाही. थेट परांड्याजवळ डोमगावला मठ सांभाळायला धाडलं.

देवळाच्या आवारात अजून संक्रांत पुरती झाडून निघाली नव्हती. पायऱ्यांच्या फटींत हळदीकुंकू भरलेलं, कोपऱ्यात फुटक्या सुगडांचे तुकडे, उसाची चोखलेली कांडकी, बोरांच्या बिया. संक्रांतीला इथं सीतामाईची यात्रा भरते. साताऱ्या-सांगलीकडून, पार मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या घरांतून बायका येतात. सुगडात गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचं कांडं, तीळ घालून आधी सीतेला ववसायचं आणि मग तिथंच एकमेकींना. आवार झाडणाऱ्या मावशींना विचारलं, गर्दी कशी होती? "बाईमाणूस नुसतं! गडीमाणूस औशीदाला न्हाई त्या दिशी." मग झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, "रामाचं देऊळ खरं, पर त्यो दिस सीतेचा." ब्रह्मचारी गोसाव्यानं मांडलेल्या मठात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सवाष्णींनी आपला करून घेतलाय. संस्थापकाच्या हिशेबात हे होतं की नव्हतं कोण जाणे. पण बायकांना मठाची दारं उघडी ठेवणाऱ्याला ते खटकलंही नसतं.

गर्दी आली की तिचे त्रासही आले, आणि ते तेव्हापासूनचे. शिवकाळातलं 1672 मधलं एक सरकारी पत्र चाफळच्या यात्रेबद्दल आहे. यात्रेला आलेल्या लोकांना शिपाई तसदी देतात, चोरांचा उपद्रव होतो, तर बंदोबस्त ठेवा, असा त्याचा आशय. मला हे पत्र सगळ्या चमत्कारकथांपेक्षा मोलाचं वाटतं. डोंगराच्या कुशीत मांडलेली यात्रा चोवीस वर्षांत एवढी वाढली होती की, राज्याला तिथं पहाऱ्याची सोय बघावी लागली.

चाफळहून शिंगणवाडी हाकेच्या अंतरावर. टेकडीवर लहानसं देऊळ, त्यात खडीचा मारुती. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींत हा चणीनं लहान. इथंच शिवाजी महाराज आणि समर्थांची पहिली भेट झाली, असं परंपरा सांगते, आणि साल देते 1649. इतिहासकारांपैकी बरेचजण तत्कालीन पत्रांच्या आधारानं ही भेट 1672 च्या मागं जाऊ देत नाहीत. चाफळला गावं आणि जमिनी लावून देणारी 1678 ची सनद आहे, तिच्या अस्सलपणावरही वाद झाले. हा वाद महाराष्ट्रात आता नुसत्या तारखांचा राहिलेला नाही. कोण कुणाचा गुरू, यावर जातींच्या छावण्या पडल्या आहेत. टेकडीवर बसून खालचं खोरं बघताना मात्र एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटते असं वाटलं. भेट 1672 ची धरली तर समर्थांचं मोठेपण कमी न होता वाढतंच. राजाश्रय मिळायच्या आधी चोवीस वर्षं हा मठ निव्वळ झोळीवर उभा होता आणि वाढत होता. आणि महाराजांना आपल्या राज्याची उभारणी करायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती, हेही त्यातच आलं. दोघं आपापल्या पायांवर उभे असताना भेटले.

पुढं माजगाव, उंब्रज. माजगावला वेशीवरच्या धोंड्याला लोक मारुती मानत, त्या धोंड्यावरच समर्थांनी मूर्ती घडवली असं सांगतात. उंब्रजच्या मारुतीत चुना, वाळू आणि ताग आहे. मसूर आणि शहापूरलाही चुन्याचेच. पाषाण आणायचा, पाथरवट गाठायचा, त्याचे पैसे द्यायचे, हे ज्याला परवडत नाही तो गावात मिळेल त्यात देव घडवतो. हातभर जागा, चार भिंती आणि अंगात ताकद असलेला देव. त्याच्यासमोर जोर-बैठका काढायला गावातली पोरं आपोआप जमतात. शहापूरचा पहिला 1644 चा, शिराळ्याचा 1654 चा. दहा वर्षांत अकरा. सात आजच्या सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत आणि दोन कोल्हापुरात. नकाशावर टिंबं मांडून बघा, चाफळ मधोमध नाही, वरच्या कोपऱ्यात येतं. कामाचं तोंड खोऱ्याच्या खालच्या अंगाला, माणसांच्या दाट वस्तीकडे होतं.

उंब्रजला गुरुजींचा निरोप घेतला आणि एसटीनं दक्षिणेला लागलो. हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती. वाळवा तालुक्यात बह्याला कृष्णेच्या पात्रातच बेट आहे. रामलिंगाचं देऊळ आणि त्याच्या मागं मारुती. पाणी उतरलेलं होतं, चालत जाता आलं. पुरात हे सगळं पाण्याखाली जातं, आणि पाणी ओसरलं की गावकरी गाळ काढून पुन्हा शेंदूर लावतात. इथंही मठाचा कुणी पगारी माणूस नाही. काम गावावर सोपवलेलं आहे आणि गाव ते करतंय.

शेवटचा मुक्काम बत्तीस शिराळा. नागपंचमीनं या गावाचं नाव देशभर झालं. समर्थांचा मारुती इथं आहेच, शिवाय गोरक्षनाथांचा मठही आहे. आणि या मठामुळं पाटणची दुसरी एक गोष्ट इथं येऊन मिळते. पाटणजवळच्या मणदुरे गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीपाद पाटणकर नावाचा मुलगा जन्मला. आईवडील लहानपणीच गेले. तो घर सोडून शिराळ्याच्या या नाथांच्या मठात आला आणि पुढं हिमालयापर्यंत भटकून आला, असं भक्त सांगतात. हेच गगनगिरी महाराज. पाण्यात बसून केलेल्या तपासाठी त्यांची ख्याती. त्यांचे आश्रम गगनबावड्याच्या गडावर आणि खोपोलीला. 4 फेब्रुवारी 2008 ला खोपोलीतच त्यांनी देह ठेवला. म्हणजे जांबचा मुलगा पाटण तालुक्यात येऊन मठ मांडतो आणि पाटण तालुक्यातला मुलगा खोपोलीला जाऊन. दोघांनाही जन्मगावात काही उभं करावंसं वाटलं नाही. घर सोडल्याखेरीज हे काम होत नसावं.

दोघांत फरक आहे तो मागं राहिलेल्या गोष्टींत. गगनगिरींच्या आश्रमात भक्त महाराजांच्या समाधीपाशी, त्यांच्या आसनापाशी जातो. माणूस तिथं होता, म्हणून जागा पवित्र. ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे आणि तिच्यात गैर काही नाही. चाफळात तसं टेकायला फारसं काही नाही. तिथं समर्थांचं आसन शोधणाऱ्याला म्हातारबाबा डोंगर दाखवतात. मागं राहिली ती माणूस जागेवर नसतानाही चालणारी व्यवस्था.

अर्थात व्यवस्थेलाही माणसांचे सगळे रोग जडतात. 1676 मध्ये समर्थ परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर, राहायला गेले आणि माघ वद्य नवमी, शके 1603 ला, 1682 मध्ये, तिथंच गेले. त्यांच्या मागं लगेच दिवाकर गोसावी आणि उद्धव गोसावी यांच्यात अधिकारावरून तंटा लागला. तो संभाजी महाराजांपर्यंत गेला. पुढं अठराव्या शतकात जांबहून समर्थांच्या वडील भावाच्या वंशातला पुरुष आणून गादीवर बसवला. ज्यानं बोहल्यावरून पळून घराणं तोडलं, त्याच्या मठाला शेवटी घराण्याचाच आधार घ्यावा लागला. समर्थांना हे आवडलं असतं असं मला वाटत नाही. पण सनदा, जमिनी, उत्पन्न आलं की वारस येतो. झोळीला वारस लागत नाही, इनामाला लागतो.

म्हणून समर्थांना भेटायला कुठं जावं असं कुणी विचारलं तर मी दोन उत्तरं देतो. नमस्कार करायचा असेल तर सज्जनगडावर जा. समाधी आहे, शेजघर आहे, पहाटेची काकडआरती आहे, दुपारचा प्रसाद आहे. मन निवतं. पण एका माणसानं जवळ पैसा नसताना, राज्य पाठीशी नसताना, स्वतः जागेवर न बसता एवढा पसारा कसा उभा केला हे बघायचं असेल, तर चाफळला जा आणि जमलं तर संक्रांतीच्या दिवशी जा. गाभाऱ्यापर्यंत पोचता येणार नाही, बायका तुम्हाला पायरीवरही उभं राहू देणार नाहीत. राहू देऊ नयेच. मठ अजून कामात आहे, एवढं तुम्हाला खालूनही दिसेल.